आडवं होण्याचे पैसे

खारघर-कामोठ्यापासून जुन्या पनवेलपर्यंत, मुलं परदेशी असलेली घरं आता नवलाची राहिलेली नाहीत. माझंही घर त्यातलंच. त्यामुळे साठी ओलांडलेल्यांच्या गप्पांत गुडघे, साखर आणि व्हिसा यांच्या जोडीला एक प्रश्न हमखास येतो: बिझनेस क्लासचं तिकीट स्वस्तात कसं मिळवायचं? घरच्यांची आणि नात्यातल्यांची तिकिटं काढता काढता या प्रश्नामागे मी बराच वेळ घालवला आहे, आणि माझं मत असं झालं आहे की तो विचारला जातो तोच उलट्या बाजूने. नुसतं कमी भाडं शोधायला निघालेल्या माणसाला ते बहुधा महागातच पडतं. ती खुर्ची मुळात कुणासाठी मांडलेली आहे हे आधी समजून घ्यावं, आणि ते गिऱ्हाईक जेव्हा फिरकत नाही तेव्हा आपण जावं.

ती खुर्ची मांडलेली असते कंपनीच्या खर्चाने जाणाऱ्यासाठी. करांकडे पाहिलं तरी हे लक्षात येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून बाकी सर्व वर्गांच्या तिकिटांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. इकॉनॉमीचा ५ टक्केच राहिला. मुंबईहून युरोपचं एका बाजूचं बिझनेसचं भाडं दीड लाख धरलं, तर पूर्वी कर १८ हजार होता, तो आता २७ हजार. इकॉनॉमीचं भाडं ३५ हजार धरलं, तर तिथे कर जेमतेम साडेसतराशे. आता गंमत अशी, की कामासाठी माणूस पाठवणारी नोंदणीकृत कंपनी हे २७ हजार आपल्या देय करातून वळते करून घेऊ शकते. पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्याला तशी सोय नाही. त्यामुळे छापील भाडं दोघांना सारखं असलं तरी खरी किंमत सारखी नसते. प्रीमियम इकॉनॉमीलाही हाच १८ टक्क्यांचा दर लागतो, आणि ‘थोडेसेच जास्त पैसे’ म्हणून ती घेणाऱ्या अनेकांच्या हे गावीही नसतं.

पण याच व्यवस्थेत आपल्या फायद्याची एक फट आहे. एकाच केबिनमधल्या शेजारशेजारच्या खुर्च्या वेगवेगळ्या भाडेगटांत विकल्या जातात. कामाची माणसं येणार असा अंदाज असेल तिथे स्वस्त गट बंद ठेवले जातात, येणार नसतील तिथे उघडले जातात. नाताळ आणि नववर्षाच्या आसपास, किंवा युरोप सुट्टीवर जातो त्या ऑगस्टमध्ये, कचेऱ्यांची ये-जा मंदावते. नेमक्या अशाच दिवसांत सुट्टीला निघालेल्या कुटुंबांमुळे इकॉनॉमी मात्र चढलेली असते. म्हणून मी बिझनेसचं भाडं कधी एकटं पाहत नाही, दोन वर्गांतला फरक पाहतो. इकॉनॉमी स्वस्त असताना बिझनेस घेणं ही चैन. इकॉनॉमीच दुपटीवर गेलेली असताना तोच निर्णय बऱ्यापैकी शहाणपणाचा ठरू शकतो.

दुसरी गोष्ट, जाता-येता दोन्ही वेळा तीच खुर्ची हवी, हा हट्ट कशासाठी? मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. पनवेलहून निघणाऱ्याची ती पूर्ण रात्र आधीच खर्ची पडलेली असते, वर सकाळी उतरून परदेशी इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं. तिथे आडवं होता येणं याला मोल आहे. परतीचं विमान दिवसाचं मिळालं, तर त्याच पैशांत आपण दिवसाढवळ्या झोपायची सोय विकत घेत असतो. एकाच परतीच्या तिकिटात जाताना बिझनेस आणि येताना इकॉनॉमी असा मेळ बऱ्याच कंपन्या घालू देतात, आणि भाडं साधारण दोन्हींच्या निम्म्या-निम्म्याची बेरीज होतं. ब्रिटनहून येणाऱ्यांना याचं आणखी एक कारण आहे. तिथून उडताना सरकार जे प्रवासी शुल्क घेतं, ते एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात भारताच्या अंतराला इकॉनॉमीसाठी ९० पौंड होतं आणि वरच्या वर्गांसाठी २१६.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: क्रेडिट कार्डाचे पॉइंट असताना भाड्याचा विचार करायचाच कशाला, तिकीट फुकटच तर मिळतं. हा भ्रम मला सर्वांत घातक वाटतो. पॉइंट देण्याची ही योजना चालवायला विमान कंपन्यांना चाळीसहून जास्त वर्षं मिळाली आहेत. अमेरिकन एअरलाइन्सने ती १९८१ मध्ये सुरू केली. पॉइंटचं चलन छापणारी कंपनीच त्याचा भावही ठरवते, आणि तो घसरवताना आपल्याला विचारत नाही. पॉइंटवर काढलेल्या तिकिटालाही विमानतळाची शुल्कं आणि अनेकदा कंपनीचे अधिभार रोख भरावे लागतात. पॉइंटसाठी गरज नसलेली खरेदी केली, किंवा बिल एक महिना जरी थकवलं, तर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांचं व्याज कमाई गिळून टाकतं. घरखर्च तसाही कार्डावर होत असेल आणि बिल वेळच्या वेळी पूर्ण भरलं जात असेल, तर पॉइंट ही चांगली सवलत आहे. त्यांना रुपयांतला भाव लावा आणि मगच तिकीट स्वस्त की महाग ते ठरवा, एवढंच माझं म्हणणं.

कोलंबोसारख्या ठिकाणाहून प्रवास सुरू केला तर तेच आसन कमी भाड्यात मिळतं, असं जाणकार सांगतात. ते पुष्कळदा खरं असतं, कारण भाडं अंतरावर नव्हे, त्या गावातल्या गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर ठरतं. मात्र पनवेलहून कोलंबोला पोहोचायचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पहिलं विमान रखडलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. पहिला टप्पा सोडून मधूनच चढायला गेलात, तर पुढचा सगळा प्रवास रद्द होतो. तिशीतल्या एकट्या माणसाने हा जुगार खुशाल खेळावा. सत्तरीतल्या आईवडिलांना त्यात घालू नये.

आपला नवी मुंबईचा नवा विमानतळ यात किती मदत करेल? उलव्याजवळचा हा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून प्रवाशांसाठी खुला झाला. मुंबईच्या सहार विमानतळापर्यंतचा रात्रीचा टॅक्सीप्रवास वाचणं हा पनवेलकराचा खरा लाभ आहे. पण विमानतळ दाराशी आला म्हणजे परदेशी भाडी उतरतील, हा तर्क टिकत नाही. दुबईच्या विमान कंपन्यांना दोन सरकारांमधल्या करारानुसार भारतात आठवड्याला सुमारे ६६ हजार जागांची मर्यादा आहे, आणि ती भारतातल्या सगळ्या विमानतळांना मिळून आहे. धावपट्टी वाढली म्हणून जागा वाढत नाहीत. उलट एक नवी काळजी घ्यावी लागेल. तिकिटावर बीओएम (सहार) आहे की एनएमआय (उलवे), हे नीट पाहायला हवं. देशांतर्गत विमानाने एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून परदेशी विमान पकडायचं झालं, तर मध्ये अख्खी मुंबईची रहदारी आहे.

शेवटचा आक्षेप नैतिक म्हणावा असा आहे: दहा तासांच्या आरामासाठी लाखभर रुपये उधळणं मध्यमवर्गाला शोभतं का? त्यावर पाय सुजतात, रक्ताच्या गाठी होतात, असं वैद्यकीय उत्तर देण्याची प्रथा आहे. मला ते लंगडं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासाने गाठीचा धोका साधारण दुप्पट होतो, पण दुप्पट होऊनही तो सुमारे सहा हजारांत एक एवढाच असतो, आणि त्याचं कारण तासन्तास न हलणं हे आहे. ज्याला डॉक्टरने सावध केलंय त्याची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी मधूनमधून उठून चाललं तर इकॉनॉमीतही भागतं. व्हीलचेअरसुद्धा तिकिटाच्या वर्गावर अवलंबून नसते. तेव्हा हा आराम आहे, औषध नाही, हे कबूल करूनच पैसे मोजावेत. वर्षानुवर्षं मुलांच्या शिक्षणावर खर्च केलेल्या माणसाने एका रात्रीची झोप विकत घेतली, तर त्यासाठी त्याने दुखण्याचं निमित्त कशाला पुढे करावं?

मात्र मोजलेल्या पैशांचा माल मिळतोय का, हे पाहायला संकोचू नये. एकाच कंपनीच्या दोन विमानांत बिझनेसची खुर्ची वेगळी असू शकते. कुठे पूर्ण सपाट पलंग, कुठे नुसती मागे कलणारी खुर्ची. म्हणून विमानाचा प्रकार आणि आसनांचा नकाशा पाहिल्याशिवाय मी कुणाला पैसे भरू देत नाही. आणि ऐनवेळी खालच्या वर्गात बसवलंच, तर गोड बोलण्यावर विरघळून जाऊ नये. फेब्रुवारी २०२३ पासून डीजीसीएचा, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाचा, नियम आहे की साडेतीन हजार किलोमीटरांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात असं झालं, तर करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. युरोपच्या नियमांतही त्याच अंतराला तोच आकडा आहे. जेवणाचं कूपन किंवा पुढच्या प्रवासाचं व्हाउचर पुढे केलं गेलं, तर सही करण्याआधी हा नियम मोठ्याने म्हणून दाखवावा.