धरून ठेवलेला तारा

आमच्या भागात मृगाचे नाव वर्षातून दोन वेळा निघते. जूनच्या आरंभी सूर्य मृग नक्षत्रात येतो, तेव्हा संत्र्याच्या मृग बहाराची काळजी सुरू होते. आणि पौष-माघात, बागेत ओलिताला जागणारा माणूस सहज वर पाहतो तेव्हा. पहिल्या मृगाचे तारे कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीत, कारण सूर्यच त्यांच्या अंगणात उतरलेला असतो. पावसाच्या नावाने ज्याला ओळखले, त्याला डोळ्यांनी पाहायचे ते हिवाळ्यात. ही ओळख मला वडिलांनी करून दिली, सौसरजवळच्या आमच्या बागेत, विहिरीशेजारी टाकलेल्या बाजेवर. सप्तर्षींना ते म्हातारीची बाज म्हणत आणि ती चोरायला आलेले तीन चोर दाखवीत. मृगाच्या पोटातले तीन तारे म्हणजे तिकांडे, हेही त्यांनीच सांगितले.

कोकण-गोव्याकडील वाचकांना हा भाग कदाचित परका वाटेल. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मराठी बोलत बोलत मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. सौसर त्यातच आले. मी वकिली करतो ती या दोन गावांत.

बाबांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. काचबिंदूने त्यांची दृष्टी कडेकडेने खात आणली. गेलेली परत येत नाही, उरलेली राखायची, एवढेच वैद्यांच्या हाती असते. मोठे, उजळ आणि अगदी समोर धरलेले त्यांना अजून दिसते. दोन हिवाळ्यांपूर्वी बाजेवर पडल्यापडल्या ते म्हणाले, “मृगाची जागा ठाऊक आहे रे, पण मृग नाही दिसून राह्यला.” मी काही बोललो नाही. मात्र पुढच्याच महिन्यात, तालुक्याच्या वकिलाला न शोभणारा खर्च करून, ८० मिलिमीटरची दुर्बीण, तिला फिरवणारी विजेची बैठक आणि कॅमेरा घेऊन आलो. तिकांड्याच्या खाली फिकट चांदण्यांची एक ओळ आहे. तिच्या मध्यावरच्या तेजोमेघाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला तेराशेहून अधिक वर्षे लागतात. तो बाबांना पडद्यावर मोठा करून दाखवावा, एवढाच हेतू होता.

हेतू सोपा, साधन अवघड. आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकते. म्हणजे दोन मिनिटांत चंद्राच्या बिंबाएवढी जागा पुढे जाते. मेघाचा बाहेरचा मंद भाग उमटायला पाच-पाच मिनिटे कॅमेरा उघडा ठेवावा लागतो. बैठक दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवते खरी, पण तिच्या चक्रांचे दाते कितीही चांगले कापलेले असले तरी काही विकलांचे हेलकावे राहतातच. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक लहान गाइड-दुर्बीण बसवतात. तिने चित्र काढायचे नसते. तिचा छोटा कॅमेरा एकच तारा धरून ठेवतो आणि तो रेसभर ढळला की संगणकामार्फत बैठकीला सांगतो, इकडे सरक.

हे काम पूर्वी माणूस करी. १८८७ साली पॅरिसच्या परिषदेत साऱ्या आकाशाच्या छायाचित्र-नकाशाचा संकल्प झाला, त्यातील ठरीव दुर्बिणींना दोन भिंगे असत: एक काचेच्या पट्टीसाठी, दुसरे निरीक्षकाच्या डोळ्यासाठी. पट्टीवर प्रकाश पडत असेपर्यंत त्या माणसाने उभ्या-आडव्या तारांच्या छेदावरून तारा हलू द्यायचा नाही. त्या संकल्पात हैदराबादच्या निझामिया वेधशाळेचाही वाटा होता. थंडीत तास तास एकाच ताऱ्याकडे पाहत बसलेल्या त्या माणसांची नावे फारशी कुठे छापलेली दिसत नाहीत.

माझ्यापुरते सांगायचे तर, विहिरीच्या ओट्यावर तिपाई मांडली. आमच्याकडे ध्रुव क्षितिजापासून साडेएकवीस अंशांच्या थोडाच वर असतो. उत्तरेस झाड आले की काम अडते. शिवाय लग्नात वधूला दाखवतात तो ध्रुवही खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आत-बाहेर नव्हे, पण आतच, दूर आहे आणि त्याभोवती फिरतो. बैठकीचा अक्ष त्या रिकाम्या बिंदूवर रोखायचा असतो. गाइड-दुर्बिणीसाठी सर्वांत ठळक तारा निवडू नये, तो कॅमेऱ्याचे डोळे दिपवतो. मध्यम तेजाचा घ्यावा. दर दोन-तीन सेकंदांनी त्याची जागा तपासावी, पण हवेने तो थरथरला की प्रत्येक थरथर दुरुस्त करू नये. तसे केले तर यंत्र वाऱ्याचाच पाठलाग करीत बसते.

एवढे सारे करूनही पहिल्या हिवाळ्यात प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट आला. पडद्यावरचा आलेख मात्र सरळ! गाइड-दुर्बीण शपथेवर सांगत होती की माझा तारा जागचा हलला नाही. मी शेजारच्या मोटरीच्या धक्क्यावर संशय घेतला, वाऱ्यावर घेतला, बाबांच्या काठीवरही घेतला.

येथे एक कबुली द्यावी लागते. वकिलीच्या आरंभी हद्दीच्या एका दाव्यात मोजणीचा साक्षीदार मी उभा केला होता. उलटतपासणीत तो तसूभर ढळला नाही, आणि दावा आम्ही जिंकलो. पुष्कळ वर्षांनी कळले की मोजणी अगदी बरोबर होती, फक्त ती ज्या दगडापासून सुरू झाली तो दगड कधीकाळी सरकलेला होता. शेजाऱ्याची संत्र्याची एक ओळ त्यात गेली. अपिलाची मुदत केव्हाच संपली होती. तो शेजारी अजून मला रामराम करतो. मला ते सोसत नाही.

तो प्रसंग आठवला, आणि एका रात्री तासाभराच्या पहिल्या व शेवटच्या चित्रातील तारे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सारे एकाच दिशेला, सुमारे एक कला सरकले होते. मोटरीचा धक्का असा एकाच दिशेला ढकलीत नाही. गाइड-दुर्बीण खरे बोलत होती, पण स्वतःपुरते. तिला मी प्लॅस्टिकच्या टोकांच्या स्क्रूंनी दोन कड्यांत धरले होते. दुर्बिणी पश्चिमेकडे कलल्या की ती आपल्या वजनाने किंचित वाकत असे. कड्यांमधील वीस सेंटिमीटर अंतरात एक कला म्हणजे ०.०६ मिलिमीटर, केसाच्या जाडीइतके. सगळे पाप तेवढ्याचे. कड्या काढल्या, घट्ट धातूचे पकडे करून दोन्ही दुर्बिणी एकाच जाड पट्टीवर बोल्टने आवळल्या, लोंबणारी वायर बांधून टाकली.

गेल्या माघात चित्र आले. दक्षिणेला नागपूरचा उजेड होताच, पण तारे गोल होते. लॅपटॉप बाजेवर आणून ठेवला. बाबा मान हळूहळू फिरवीत, उरलेल्या दृष्टीत मेघ सापडेपर्यंत शोधत राहिले. मग बराच वेळ हलले नाहीत.

“अन् तू धरून ठेवलेला तारा कोणता?”

“तो चित्रात आला नाही, बाबा. बाजूला राहिला.”

“मंग वर दाखव.”

“तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मलाही नाही.”

ते हसले. “मंग त्या ताऱ्यापुरते आपण सारखेच,” म्हणाले, आणि दव पडू लागले तरी घरात चलायला तयार होईनात.