समर टर्ममध्ये अवघड विषय घ्यावा का? माझ्या भावाच्या निमित्ताने



मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुम्ही म्हणाल, प्राथमिकच्या बाई आज इंजिनिअरिंगवर काय लिहिणार? पण दर वर्षी मे महिना आला की गावातला एखादा तरी पालक हा प्रश्न घेऊन दारात येतोच. "बाई, पोराचे दोन-तीन विषय राहिलेत. कॉलेजात उन्हाळ्याची टर्म आहे म्हणतात. सगळे एकदमच काढून टाकू का?"

पूर्वी मी लगेच "हो, काढून टाका" म्हणायचे. आता तसं म्हणत नाही. का म्हणत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझा धाकटा भाऊ सिव्हिलचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला गेला. डिप्लोमाला गुण चांगले होते, घरात पहिला इंजिनिअर होणार म्हणून आबांनी पेढे वाटले. पण थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलांची एक अडचण असते, ती आम्हाला माहीत नव्हती. बारावीनंतर आलेली मुलं पहिल्या वर्षात गणिताचे दोन पेपर करून आलेली असतात. डिप्लोमावाल्यांचं ते वर्षच नसतं. ती एकदम तिसऱ्या गणितात, म्हणजे ज्याला मुलं 'एम-थ्री' म्हणतात त्यात, जाऊन पडतात. शिवाय त्याचा प्रवेश होईपर्यंत वर्ग कधीच सुरू झाले होते.

वर्ष संपलं तेव्हा तीन विषय राहिलेले. एम-थ्री, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स. त्याच्या कॉलेजच्या नियमाप्रमाणे तिन्ही राहिले असते तर तिसऱ्या वर्षात बसता आलं नसतं, वर्ष वाया गेलं असतं. कॉलेज स्वायत्त असल्याने तिथे सहा आठवड्यांची समर टर्म होती. फी विषयामागे वेगळी. तो म्हणत होता, "ताई, दोनच घेतो." मी म्हटलं, "सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे, दात-ओठ खाऊन कर आणि मोकळा हो." फी मी भरणार होते, त्यामुळे माझंच म्हणणं चाललं. ही चूक माझी, हे आधीच कबूल करते.

मी न केलेला हिशोब

आपण मुलांना शाब्दिक उदाहरणं घालतो, पण घरच्या व्यवहारात तेच उदाहरण सोडवत नाही. हा हिशोब मी फी भरण्याआधी करायला हवा होता.

इंजिनिअरिंगमध्ये विषयाला क्रेडिट असतात. एआयसीटीईच्या आदर्श अभ्यासक्रमात आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे १ क्रेडिट. ४ क्रेडिटचा विषय म्हणजे आठवड्याला साधारण ३ तास व्याख्यान आणि १ तास ट्युटोरियल. सत्राचे १५ आठवडे धरले तर ६० तास झाले. तेच ६० तास ६ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला १० तास. असे तीन विषय म्हणजे ३० तास. आठवड्याचे सहा दिवस धरले तर रोज ५ तास नुसतं वर्गात बसणं, आणि घरचा अभ्यास वेगळाच.

तुम्ही म्हणाल, रोज दहा तास अभ्यास करणारी मुलं असतात की! असतात. तास कमी पडतच नाहीत. टर्म लहान झाली तरी तास तेवढेच राहतात. जे जातं ते दोन तासांच्या मधले दिवस. नेहमीच्या सत्रात सोमवारी एक रीत शिकवली की गुरुवारपर्यंत मुलगा चार उदाहरणं करतो, चुकतो, मित्राला विचारतो, रात्री झोपतो, सकाळी पुन्हा बघतो. समर टर्ममध्ये आज शिकवलेली रीत उद्याच्या धड्यात गृहीत धरलेली असते.

डी.एड.ला आपण सगळेच एबिंगहाउसचा विस्मरणाचा वक्र शिकलो. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरून गेलो! या माणसाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा. त्यात त्याला आढळलं, की एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधतं तेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटलं तरी साधतं. म्हणजे मधला काळ हा रिकामा काळ नसतो, तोही शिकण्याचाच भाग असतो. हे मला पाठ होतं, पण भावाची फी भरताना आठवलं नाही.

दुसरी भाकरी आली कुठून?

दुसऱ्या आठवड्यात त्याला ऊन लागलं. चार दिवस होस्टेलवर पडून होता. चार दिवस म्हणजे २० तास गेले. प्रत्येक विषयाचा नेहमीच्या सत्रातला दीड आठवड्याहून जास्त भाग बुडाला. आणि समर टर्ममध्ये बुडालेलं भरून काढायला पुढचा आठवडा मोकळा नसतो.

शनिवारी रात्री तो न सांगता घरी आला. जेवला नाही. आबा झोपल्यावर म्हणाला, "ताई, मला काहीच कळत नाहीये. फी परत मिळेल का बघ." एवढा मोठा पोरगा, पण आवाज तिसरीतल्या मुलासारखा झाला होता.

सकाळी ओट्यावर त्याची वही घेऊन बसले. लाप्लास रूपांतर मला येत नाही, हे सरळ सांगते. पण वही तपासायची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे बघत गेले. एका ठिकाणी अपूर्णांक होता. वर १, खाली 'एस वर्ग अधिक एस'. पुढच्या ओळीत त्याने त्याचे दोन तुकडे केले होते. एक छेद एस वर्ग, अधिक एक छेद एस. पुढचं दीड पान अगदी नीटनेटकं होतं, पण उत्तर चूक.

मी विचारलं, "हे असं वेगळं करता येतं का रे?"

"येतं की. छेदात बेरीज आहे ना."

मी बाजूला लिहिलं, एक छेद, कंसात दोन अधिक तीन. "किती?"

"एक पंचमांश."

"आता तुझ्या रीतीने कर. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश."

"पाच षष्ठांश." एवढं बोलून तो थांबला.

माझ्या वर्गात सांगते तेच त्यालाही सांगितलं. एक भाकरी पाच जणांत वाटायची आहे. तू काय केलंस? दोघांना एक भाकरी दिलीस आणि उरलेल्या तिघांना आणखी एक दिलीस. दुसरी भाकरी आली कुठून?

तो हसला, आणि मग एकदम गप्प झाला. म्हणाला, "म्हणजे मी इतकी वर्षं हे असंच करतोय?"

आकडे असले की तो बरोबर करत होता, अक्षरं आली की चुकत होता. म्हणजे नियम पाठ होता, पण त्यामागचं कारण कधी कळलंच नव्हतं. आणि हे कारण कुठे शिकवतात? पाचवी-सहावीत. माझ्यासारख्याच कुणी तरी, बहुधा मार्चमध्ये अभ्यासक्रम संपवायच्या घाईत, तो धडा उरकला असणार. तो दिवसभर माझ्या डोक्यातून हे जात नव्हतं. मीही कित्येक वर्षं अपूर्णांक असेच उरकले आहेत.

काय ठेवायचं, काय सोडायचं

त्या दुपारी आम्ही तिन्ही विषयांच्या वह्या समोर ठेवल्या आणि प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारला. हा विषय अडला कुठे?

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये तुळईवर भार आला की आतमध्ये काय ताण येतो, ते काढायचं असतं. त्याची तोंडओळख डिप्लोमाला झालेली होती, आकृत्या त्याला काढता येत होत्या. सुरुवातीचे वर्ग बुडाले आणि पुढचे धडे कच्चे राहिले, एवढंच. एम-थ्रीमध्ये मात्र पायाच कच्चा. अपूर्णांक, त्यावर इंटिग्रेशन, त्यावर लाप्लास, अशी एकावर एक उतरंड, आणि सगळ्यात खालचं मडकंच तडकलेलं.

फ्लुइड मेकॅनिक्स सोडून दिला. ती फी गेली. एम-थ्री आणि स्ट्रेंथ ठेवले. निकाल लागला तेव्हा स्ट्रेंथ चांगल्या गुणांनी सुटला, एम-थ्री पुन्हा राहिला. एक विषय सुटल्यामुळे तिसऱ्या वर्षात बसता आलं, वर्ष वाचलं. पण पुन्हा नापास हा शिक्का बसला, तो पोराच्या मनाला किती लागला ते मी पाहिलंय.

जुलैपासून आम्ही एक केलं. रोज संध्याकाळी अर्धा तास एम-थ्रीचं पुस्तक बाजूला ठेवून फक्त अपूर्णांक, अवयव पाडणं, मग इंटिग्रेशन. पहिला महिना तर आठवीच्या पुस्तकातली उदाहरणं. तो सोडवून मोबाईलवर फोटो पाठवायचा, मला कळेल तेवढं मी तपासायचे, पुढचं त्याचा रूममेट बघायचा. त्या हिवाळ्यात एम-थ्री सुटला. पुढच्या उन्हाळ्यात त्याने समर टर्मला फ्लुइड मेकॅनिक्स घेतला, एकटाच. तोही सुटला, आणि तो सांगतो की त्याला सगळ्यात नीट समजलेला विषय तोच. वर्गात मोजकी मुलं, सर प्रत्येकाची वही बघायचे, डोक्यात दुसरा विषय नाही. म्हणजे समर टर्म वाईट नाही हो! तिच्यात काय घालायचं ते ठरवता आलं पाहिजे.

आमच्याकडे शेतात उन्हाळी भुईमूग घेतात. पण कोण घेतं? ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो. पाणी नसताना पेरला तर बियाणंही जातं. विषयाचंही तसंच आहे. शेवटच्या पायरीवर अडलेला विषय उन्हाळ्यात घ्यावा. पहिल्याच पायरीवर अडलेल्या विषयाला पावसाळा आणि हिवाळा दोन्ही द्यावे लागतात.

पालकांनी फी भरण्याआधी

१. "किती विषय राहिले?" याबरोबर "प्रत्येक विषय कुठे अडला?" हेही विचारा. मुलाला पहिल्या धड्याचं उदाहरण तुमच्यासमोर सोडवायला सांगा. तुम्हाला विषय कळला नाही तरी चालेल. तो न अडखळता समजावून सांगतो का, तेवढं बघा.

२. क्रेडिट विचारून रोजचे तास काढा. अवघड विषय असेल तर एकच घ्यावा. दुसरा घ्यायचाच तर हलका असू द्या.

३. कोणता विषय पुढच्या विषयांचा पाया आहे, ते कॉलेजातल्या सरांना विचारा. तो आधी.

४. विषय सोडायची मुदत आणि फी परतीचा नियम आधीच वाचून ठेवा. आम्ही वाचला नव्हता.

५. आजारपण धरून चाला. मे-जूनचं ऊन आहे, होस्टेल आहे.

६. मुलगा "दोनच घेतो" म्हणाला तर त्याचं ऐका. त्याला त्याची ताकद आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

आणि आपल्यासाठी

शिक्षक मित्रहो, २०२१ साली कोरोनानंतर आपण ४५ दिवसांचा सेतू अभ्यास घेतला, आठवतंय ना? ज्या मुलाचं थोडंसं मागे पडलं होतं त्याला तो पूल उपयोगी पडला. ज्याला वाचताच येत नव्हतं, तो पुलाच्या अलीकडेच उभा राहिला. तेव्हा मी त्या मुलांना "लक्ष देत नाहीत" म्हटलं होतं. आज म्हणणार नाही.

त्या रविवारनंतर मी माझ्या वर्गात एक बदल केला. भिन्नछेद अपूर्णांकांचा धडा मी आता एका आठवड्यात संपवत नाही. दिवाळीआधी सुरू करते आणि आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, फेब्रुवारीपर्यंत चालू ठेवते. वर्गात कागदाच्या भाकऱ्या आहेत, त्या आता फाटायला आल्यात. अजूनही कुणी तरी एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळवून दोन पंचमांश लिहितंच. मी तांबडी फुली मारत नाही, भाकरी हातात देते आणि वाटायला सांगते.

तुमच्या घरात किंवा वर्गात असा अडलेला विषय असेल तर तो नेमका कुठे अडलाय ते आधी शोधा. किती दिवसांत काढायचा ते त्यानंतर ठरवा.