अर्ज वाचणाऱ्याची खुर्ची

मूल दहावी-बारावी पास झाले की आपण पेढे वाटतो. पदवी मिळाली की वस्तीत बॅनर लागतो. परंतु एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ला लागलेल्या मुलाचे पुढे काय चालले आहे, हे आईवडिलांना सांगता येत नाही. "अजून शिकतोच आहे," एवढेच ते सांगतात. हे शिक्षण फेलोशिपवर चालते. आणि फेलोशिप मिळणार की नाही, मिळाली तर टिकणार की नाही, हे पुष्कळदा कोणीतरी समोरचे कागद वाचून ठरवतो. त्या वाचणाऱ्या माणसाविषयी आज लिहायचे आहे.

आपल्या इतिहासात हा माणूस फार महत्त्वाचा आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे नेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा २५ रुपये मंजूर केले. १९१३ साली बडोदा संस्थानानेच अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बुद्धी बाबासाहेबांची, कष्ट बाबासाहेबांचे. पण शिफारस करणारा एक आणि नीट ऐकून घेणारा एक, अशी दोन माणसे त्या वेळी योग्य जागी होती, हे विसरता येत नाही.

आज महाराजांच्या जागी समित्या आहेत. नेट परीक्षेतून ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली तरी दोन वर्षांनी कामाची तपासणी होते. गाईड, विभागप्रमुख आणि बाहेरचा एक तज्ज्ञ अशी तिघांची समिती बसते. तिने काम समाधानकारक ठरवले की विद्यार्थी सीनियर फेलो होतो. जानेवारी २०२३ पासून ज्युनियरला दरमहा ३७,००० आणि सीनियरला ४२,००० रुपये आहेत. या पैशातून कित्येक मुले गावाकडे घरखर्च पाठवतात.

मी एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून आहे. या समित्यांची पत्रे टाईप करणे, तारखा जुळवणे, सह्यांचा कागद आत नेणे हे माझे काम. त्यामुळे दोन्ही तऱ्हेचे तज्ज्ञ पाहिले. एक साहेब आले, त्यांनी फाईल खुर्चीवर बसल्यावर उघडली आणि चहा संपण्याआधी सही केली. शेरा एका ओळीचा. दुसऱ्या एक बाई आल्या. अहवाल त्या घरून वाचून आल्या होत्या, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या. कोणता प्रयोग फसला आणि का फसला, हेच त्यांनी जास्त विचारले. दोनदा चहा आत गेला. बाहेर आलेल्या मुलाच्या हातात पुढे काय करायचे याची अर्ध्या पानाची टिपणे होती. दोघांनीही मंजुरीच दिली. पण शिकला तो दुसरा मुलगा.

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन ही सरकारी संस्था १९५२ पासून विज्ञानातील संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिप देते. अर्जदाराने स्वतःविषयी तीन पाने आणि संशोधनाविषयी दोन पाने लिहायची. विषयातले तज्ज्ञ ती वाचतात. कसोट्या दोन: ज्ञानात भर किती पडेल आणि समाजाला उपयोग काय होईल. अर्जदाराशी संबंध असेल तर परीक्षकाने बाजूला व्हायचे असते. परीक्षकांचे शेरे अर्जदारालाही पाहायला मिळतात. त्यातली दुसरी कसोटी आपल्या मुलांच्या फार कामाची आहे, कारण त्यांचे प्रश्न पुस्तकाआधी घरात जन्मलेले असतात.

आमच्या विहारात रविवारी समाजातले काही निवृत्त प्राध्यापक मुलांचे अर्ज वाचून देतात. यवतमाळ जिल्ह्यातली रसायनशास्त्राची एक मुलगी अर्ज घेऊन आली. पाऊण पान घरच्या गरिबीचे, संशोधनाच्या तीन ओळी. विषय होता विहिरीच्या पाण्यातील फ्लोराईड. सरांनी विचारले, "बेटा, हाच विषय का घेतलास?" ती म्हणाली, "आमच्याकडे लहान पोरांचे दात पिवळे पडतात, सर. म्हाताऱ्यांचे गुडघे धरतात. सरकारी हापशाचेच पाणी पितो आम्ही." सर म्हणाले, "मग हे अर्जात कुठे आहे?" तिला वाटले होते की विज्ञानाच्या अर्जात गावाचे लिहायचे नसते. पुढच्या रविवारी तिने अर्ज नव्याने लिहून आणला. गरिबीची एक ओळ राहिली. पाण्याचे नमुने कुठून घेणार, कशाने मोजणार, गाळणीचा खर्च कसा कमी करणार, हे सगळे त्यात आले. मुलगी तीच होती. फरक पडला तो नीट वाचणारा भेटल्याने.

नीट न वाचणारा किंवा आडनाव आधी वाचणारा भेटला तर काय होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. २०१६ साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अब्दुल नफे समितीने प्रवेशाच्या गुणांचे आकडे तपासले. तोंडी परीक्षेत भेदभाव दिसतो, असे नोंदवून तिचे गुण ३० वरून १५ वर आणावेत, अशी शिफारस तिने केली.

म्हणून समाजातील प्राध्यापक, डॉक्टर, शास्त्रज्ञ बंधू-भगिनींना कळकळीची विनंती. आपण अर्ज करणारे होतो, आता अर्ज वाचणारेही झाले पाहिजे. विद्यापीठाने तज्ज्ञ म्हणून बोलावले तर वेळ नाही म्हणून पत्र परत पाठवू नका. आपल्या माणसाला झुकते माप द्या, असे मी म्हणत नाही. काम कच्चे असेल तर कच्चे म्हणा, पण का ते लिहा. आणि आधी वाचा.

आईवडिलांनीही एक करावे. मुलगा सुट्टीला आला की "कधी संपणार?" असे विचारण्याऐवजी "तुझी समिती कधी बसणार आहे? अहवाल कोणाला वाचून दाखवलास का?" असे विचारावे. नसेल दाखवला तर रविवारी त्याला विहारात पाठवावे.