तुळईच्या फळ्या

नाशकांतील जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत. सरकारवाड्यासारखी पेशवेकालीन वास्तु सरकारी संरक्षणांत राहिली. आम्हां सामान्यांच्या वाड्यांस तें भाग्य कोठून? आमचा वाडा उतरला तेव्हां सारें लाकूड व्यापाऱ्यास गेलें. माजघरावरील एक सागवानी तुळई मात्र आम्हीं हट्टानें ठेवून घेतली. तिचा देव्हारा करावा असा हेतु. तयार देव्हारे बाजारांत मिळतात, असें चिरंजीवांनीं सुचविलें. मिळतात खरे.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत देवमूर्तीसाठीं लाकूड आणावयास वनांत कसें शिरावें, यावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. आमचें वन घरांतच होतें. परंतु तुळई आणि देव्हारा यांमध्यें केवढें अंतर असतें, तें सुतारानें दाखविलें. पहिला दिवस त्यानें खिळे हुडकण्यांत घालविला. एक चुकार खिळा राहिला तरी करवतीचे दात जातात. मग दोरीनें रेघा मारून गिरणीवर फळ्या चिरून आणल्या, आणि महिनाभर त्यांस कोणास हात लावूं देईना!

जुनें लाकूड वाळलेलेंच असतें, ही समजूत अर्धीच खरी. लाकूड जन्मभर हवेशीं ओलाव्याची देवघेव करीत असतें; आषाढांत फुगलेलें दार कोणीं पाहिलें नाहीं? ओलें लाकूड वाळतांना प्रथम पेशींच्या पोकळींतील पाणी जातें, तोंवर तें आक्रसत नाहीं. ओलावा सुमारें ३० टक्क्यांखालीं उतरला म्हणजे पेशींच्या भिंती सुकूं लागतात, आणि मग आक्रसणें सुरू होतें. तेंही सर्व दिशांनीं सारखें नव्हे; वलयांच्या अंगानें जितकें, त्याच्या निम्म्याच्या आसपास गाभ्याच्या दिशेनें. म्हणून फळी पन्हळासारखी वळते. सागाचें आक्रसणें थोडें, हा त्याचा मोठा गुण. तरी तुळईच्या पोटांतील भाग प्रथमच उघडा पडलेला. मध्यें सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून फळ्या जिन्याखालीं सावलींत रचल्या.

महिन्यानें रंधा चालू झाला. फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून सुतारानें एक डोळा मिटून पाहिलें. त्या समांतर दिसेनात, म्हणजे फळीस पीळ आहे. उंच कोपरे काढीत एक पृष्ठ सपाट केलें, त्यास गुण्या लावून एक कड, आणि त्या दोहोंवरून उरलेली रुंदी व जाडी. भूमितीच्या तासास गृहीतकृत्यांचें महत्त्व आम्ही मुलांस सांगत असूं, तें हेंच. आंतून सोनेरी लाकूड निघालें, आणि त्यास अजून तेलकट वास होता.

वाद निघाला तो एका फळीवरून. तुळईच्या त्या अंगावर, काजळीखालीं, जुन्या कारागिराच्या वाकसाचे घाव होते.

“गुरुजी, हेंही साफ करून देतों. आरसा होईल.”

आम्हीं नको म्हटलें. त्या कारागिराचें नांव कोणत्याही दप्तरांत नाहीं. त्याची सही म्हणावी तर एवढीच. खडबडीत अंगावर धूळ बसेल, असें सौभाग्यवतींचें मत पडलें. तें आम्हांस मान्य आहे, आणि पुसण्याचें काम आम्हीं पत्करलें आहे. ती फळी देव्हाऱ्याच्या पाठीस, घाव मागें करून बसावयाची. जोडणी दसऱ्यानंतर.