वरकड मूल्य, मुक्काम शहापूर

निवृत्त माणसानं काहीतरी करत राहावं, असं निवृत्त न झालेल्या माणसांचं ठाम मत असतं. काहीतरी म्हणजे काय, हे मात्र ते सांगत नाहीत. माझ्या बरोबरीच्या मंडळींनी आपापली सोय लावून घेतली. एकानं भजनी मंडळ धरलं, एकानं मधुमेह. मी पोस्टातून सुटलो आणि संशोधन धरलं. विषयही घसघशीत निवडला : 'समकालीन तत्त्वज्ञान आणि क्रांतिकारक राजकीय विचार : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या विशेष संदर्भात.' 'विशेष संदर्भात' हे शब्द आल्याखेरीज संशोधन सुरू झालं असं आपल्याकडे कुणी मानत नाही. मार्गदर्शक नाही, विद्यापीठ नाही, अनुदान नाही. दोनशे पानी वही आहे. घरात या प्रकल्पाला 'ह्यांचं ते' म्हणतात. "ह्यांचं ते टेबलावरून उचला, पानं घ्यायचीत."

असले उद्योग हौसेनं होतात का, असं कुणी विचारील. आपल्याकडे ते चांगलेच झालेत. दामोदर धर्मानंद कोसंबी पेशानं गणिती. पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला जायचं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित करायचं, आणि उरल्या वेळात डोंगर नि लेणी पायी तुडवायची. त्यातून १९५६ साली त्यांनी भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर असं पुस्तक काढलं की पगारी इतिहासकारांना आजही त्याला वळसा घालून जाता येत नाही. धुळ्याचे शरद पाटील पक्षाचं काम करता करता संस्कृत शिकले, थेट पाणिनीपर्यंत पोचले, आणि मार्क्सला फुले-आंबेडकरांच्या पंक्तीला बसवून १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापून मोकळे झाले. माझी झेप तेवढी नाही. पण वही मीही घेतली आहे.

शिवाय आमच्या तालुक्यांत सिद्धांत नुसता वाटेवर पडलेला असतो. 'पाया आणि इमला' हे मार्क्सवाद्यांचं आवडतं प्रकरण. पाया अर्थव्यवस्थेचा, त्यावर इमला धर्माचा, कायद्याचा, विचारांचा. हे समजावून घ्यायला लोक जाडजूड ग्रंथ वाचतात. मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याहून नाणेघाट चढावा, काम भागतं. वर लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण दिले, याची भलीमोठी यादी. आणि जवळच एक दगडी रांजण, जकातीचा म्हणून दाखवतात तो. इमला भिंतीवर, पाया रांजणात.

फुकोनं जरा त्रास दिला. त्याचं १९७५ चं तुरुंगावरचं पुस्तक. बेंथमनं आखलेल्या तुरुंगात मधोमध मनोरा. कैद्याला आपण पाहिले जातोय की नाही हे कळत नाही, म्हणून तो सदाच शिस्तीत वागतो. मी हे मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर बसून वाचत होतो. तालुक्याच्या गावाला मनोरा कशाला? केशकर्तनालय पुरतं. शिवाय आमच्याकडे ती अनिश्चितता नाही. आपण पाहिले जातोय हे पक्कं ठाऊक असतं. मी घरी पोचण्यापूर्वी घरी कळलं होतं की मी कुठलंसं तुरुंगाचं पुस्तक वाचत बसलो होतो. कुणीतरी जामिनाची चौकशीही केली.

खरी गंमत पारिभाषिक शब्दांची. आपल्या विद्वानांनी मोठ्या कष्टानं मराठी शब्द घडवले. मजूर मजुरीपेक्षा जास्तीचं जे मोल निर्माण करतो नि मालकाच्या खिशात जातं, ते 'वरकड मूल्य'. सरळगावच्या थांब्यावर एका वयस्क शेतकऱ्याला मी उत्साहानं हे सांगायला घेतलं. त्यांनी अर्ध्यातच हात वर केला.

"वरकसचं मूल्य ना? मग आधी सांगायचं! परवाच दलाल येऊन गेला."

वरकस म्हणजे आमच्याकडची डोंगरउताराची हलकी जमीन. नाचणी, वरी, नाही तर गवत. भात पिकवणारा तिला हिशेबात धरत नसे. आता शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही उघडला, आणि मुंबईकरांना डोंगरउतारावरचं गवत फार आवडू लागलं. म्हातारबाबांचा प्रश्न साधा होता : बाप-आजानं नांगरलं तेव्हा जिला मोल नव्हतं, तिला नुसत्या रस्त्यानं मोल कसं आलं? मोल श्रमातून येतं म्हणणाऱ्या माझ्या पुस्तकाला हा प्रश्न नवा नाही. जमिनीचा खंड हा त्याचा जुना डोकेदुखीचा भाग आहे. पण सरळगावच्या थांब्यावर ते पान सापडेना, आणि एस.टी. आली.

'परात्मता' या शब्दाला तर आमच्याकडे तळटीपच लागत नाही. निर्माण करणाऱ्याला त्याची निर्मिती परकी होते, ती परात्मता. तानसा धरण १८९२ चं, भातसा नंतरचं. दोन्ही शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला. वैशाखात आमच्या पाड्यांवर टँकर.

हे सगळं वहीत सुरळीत चाललं होतं, तोवर मी गायत्री स्पिवाक यांच्या १९८८ च्या निबंधापाशी आलो. तळातला माणूस बोलू शकतो का, असा त्याचा प्रश्न. मी ठरवलं, प्रत्यक्षच विचारावं. आमच्या दारावरून रानभाजी विकायला एक कातकरी बाई येतात. पावसाळा संपत आलेला, टोपलीत शेवटची करटुली. मी विचारलं, "बाई, तुम्हाला बोलता येतं, असं तुम्हाला वाटतं का?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आत हिच्याकडे. "काकांची तब्येत बरी हाय ना?"

आणि मग त्या जे बोलायला लागल्या, त्यात माझी पंधरा पानं भरली. दिवाळी झाली की वीटभट्टी. त्याआधी शेटकडून बयाना; तो लग्नात, दुखण्यात, पावसाळ्याच्या उपासमारीत कधीच गेलेला. भट्टीवर दर आठवड्याला खर्ची, पोटापुरती. नवरा-बायको दोघं मिळून थापतात, पोरं विटा उलटवतात, म्हणजे शाळा गेली. पावसाच्या तोंडावर हिशेब : हजार विटांचा दर, वजा बयाना, वजा खर्ची. उरतं ते आपल्याच अंगावर, पुढच्या वर्षासाठी. "दोगांची मजुरी एकाच्या नावावर, काका. जोडीला एक आकडा. मी थापलेल्या विटा कुनाच्या नावावर, सांगा."

वरकड मूल्याचं इतकं स्वच्छ विवेचन मी कुठं वाचलं नव्हतं. मी भारावून लिहीत होतो. त्यांनी वहीकडे बोट केलं. "यात बयाना कसा फिटतो ते लिवलंय का?"

वहीत तसं काही नव्हतं. हेगेल होता. कायदा मात्र होता. मी कपाटातून काढून वाचून दाखवला. वेठबिगार निर्मूलनाचा, १९७६ चा. असं बांधून ठेवणारं कर्ज कायद्यानं संपलं. कुणी वसूल करू पाहील तर गुन्हा. जिल्ह्याला नि उपविभागाला दक्षता समिती. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, दोन कलमं पुन्हा वाचायला लावली.

"मंग ह्यो कागद भट्टीवर कोन वाचनार? तुम्ही येता?"

खरं सांगतो, टिटवाळा डोळ्यांपुढे आला. आसनगावहून मुंबईकडे निघालं की तिसरं स्थानक. तिथं जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचं अधिवेशन झालं, उंबरगावकडचे वारली येऊन ऐकून गेले, आणि तिकडे वेठीविरुद्ध उठाव झाला. गोदावरी परुळेकरांनी तो १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिला. ते पुस्तक माझ्याकडे आहे, खुणा करून वाचलेलं. खुणा मीच केल्यात. आणि आता या बाई करटुल्यांची टोपली डोक्यावर घेऊन विचारत होत्या, येता का.

भट्टीवर जाण्याआधी कचेरीत जाऊ, असं ठरलं. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही. एक सरकारी कचेरी, पंखा गरगरणारी. कारकुनानं मला खुर्ची दिली. बाई उभ्या. अर्ज त्यांचा, तक्रार त्यांची, बोलत त्या होत्या, पण प्रत्येक वाक्य संपलं की कारकून माझ्याकडे वळून म्हणे, "त्यांना विचारा, बयाना लेखी आहे का." त्या उत्तर देत. "त्यांना सांगा, पुरावा लागेल." जणू मी दुभाषी, नि बाई चिनी. स्पिवाकबाईंचा निबंध किती अवघड आहे म्हणून लोक तक्रार करतात. त्यांनी या टेबलासमोर दहा मिनिटं उभं राहावं.

अखेर त्यानं आवक-जावक वही ओढली. "नाव?"

बाईंनी नाव सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघत माझं लिहायला घेतलं.

"त्यांचं नको," बाई म्हणाल्या, "माजं लिवा. आन् माज्या कागदावर बी शिक्का मारा."

मी खुर्चीवरून उठलो, म्हणजे त्यांना टेबलापर्यंत जाता आलं. आवक क्रमांक मिळाला. तो त्यांनी मला वाचायला लावला, दोनदा पाठ म्हणून दाखवला, नि कागदाची बारीक घडी करून कमरेच्या पिशवीत खोवला. बाहेर पडताना म्हणाल्या, दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत, तोवर पाड्यावरच्या आणखी चार जणी येतील, काकांनी तो कायदा तेवढा घेऊन यावा; ती दुसरी जाड वही नको.