गंजावर निळा रंग



दर वर्षी १४ एप्रिलच्या आधी सोलापुरातल्या वस्त्यावस्त्यांत ब्रश निघतात. चौकातले कठडे, कमानी, झेंड्याचे खांब निळे होतात. पावसाळा सरता सरता त्या निळ्याला फोड येतात, आतून तांबडा गंज डोकावतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच फोडांवर पुन्हा निळा. मला याविषयी भांडायचे आहे आणि भांडण खरोखर रंगाबद्दलच आहे, कुणी त्यात उगाच प्रतीक शोधू नये.

रंगाआधी गंज घासून काढावा लागतो, आणि घासायची आपल्या शिकलेल्या पोरांना लाज वाटते. मागच्या उन्हाळ्यात मी वडिलांची बावीस इंची सायकल अंगणात खोलून बसलो होतो. पुतण्या स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तो म्हणाला, "काका, आजोबांनी जन्मभर हात काळे केले ते आपल्याला करावे लागू नयेत म्हणूनच ना?"

प्रश्न वाजवी आहे. मेलेली गुरे ओढणे, वतनाची राबणूक, ही कामे बाबासाहेबांनी सोडायला लावली. ती जन्माने गळ्यात मारलेली होती, मोबदला नावापुरता होता आणि नाही म्हणायची सोय नव्हती. महार वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. त्या कामांचे गोडवे गाणाऱ्यांपासून सावधच राहायला हवे.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धागा तुटला की धोट्याला तोंड लावून तो ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. त्या खात्यात पगार जास्त होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत सूतकताईत होते, त्या पगारातून ही सायकल आली. म्हणजे जातीने घाण काम लादले तसे कसबाचे काम नाकारलेही. लादलेले आपण फेकून दिले, ते बरोबरच झाले. नाकारलेले मात्र आता आपणच नाकारायचे का? घिसाडी समाजाचा लोखंडावरचा हात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, तरी त्याला 'भटका' यापलीकडे ओळख मिळाली नाही. त्या हातातल्या ज्ञानाला ज्ञान म्हणायला आपण तरी शिकलो आहोत का?

पुतण्याला मी भाषण दिले नाही, पॉलिश पेपर दिला.

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळून गंज होतो. त्याचा थर पोकळ, सुटा असतो. तो आत ओल धरतो आणि रंगाखालीही पसरत राहतो. फोड येतात ते यामुळे. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे गंज सरसकट धरत नाही. पाणी साचते तिथे धरतो. सायकलीला तो मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि पायडलच्या खालच्या सांध्यात होता. कठड्याला तो जमिनीला टेकतो तिथे असतो. सुटलेले पापुद्रे आधी तारेच्या ब्रशने काढायचे, मग पॉलिश पेपर, जाड आधी, बारीक नंतर. नटबोल्ट, क्लिपा असल्या बारक्या वस्तू रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा चिंचेच्या कोळात बुडवायच्या, सकाळी घासून खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढायच्या आणि लगेच कोरड्या करायच्या. ओल्या ठेवल्या तर तासाभरात पुन्हा तांबूस होतात. छर्रे आणि स्प्रिंग मात्र आंबटात टाकू नयेत, त्यांना डिझेलने धुवावे. संडासाचे ॲसिड तर वापरूच नये, त्याच्या वाफेने शेजारी ठेवलेली हत्यारेही गंजतात.

उघडे लोखंड रात्रभर तसेच सोडायचे नाही, त्याच दिवशी प्रायमर मारायचा. रेड ऑक्साइड म्हणजे रसायनाने गंजाचाच भाऊ, फक्त माध्यमात घट्ट बांधलेला. मग रंगाचे दोन पातळ हात, तेही सकाळी. मे महिन्यात दुपारी पत्रा इतका तापतो की रंगाला वरून साय धरते आणि आत तो ओलाच राहतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही सर्वांत गंभीर आहे. जुन्या काळी लोखंडाला पहिला हात शेंदराचा असे. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. दगडाला फासून त्याचा देव करतात तोच हा पदार्थ. शिसे पोटात किंवा श्वासातून गेले की लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. त्याला पूजेत असो वा प्रायमरमध्ये, फरक पडत नाही. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, पण त्याआधीचे थर अजून कठड्यांवर, खिडक्यांच्या गजांवर आहेत. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही, वॉटर पेपर पाणी लावून चालवायचा, पोरांना लांब ठेवायचे, चोथा कागदात गुंडाळून टाकायचा आणि हात धुतल्याशिवाय जेवायचे नाही.

हे मला अंगणात करता आले, कारण वेळ माझा होता. रोजंदारीवर गज घासणारा रंगारी तोंडाला रुमालही न बांधता दिवसभर ती धूळ ओढतो. बहुतेक वेळा तो आपल्याच वस्तीतला असतो आणि आपलेच मंडळ त्याला म्हणते, "घासत बसू नको, जयंती तोंडावर आली." जयंतीच्या वर्गणीत डीजेला पैसे असतात. पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मागणार आहे: काम मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हावे, घासण्याची मजुरी रंगाच्या मजुरीहून वेगळी धरावी, आणि मास्क व हातमोजे मंडळाने आणून द्यावेत. पुतण्या तारेचा ब्रश घेऊन येणार आहे, निदान रविवारी तरी.