कॅमेऱ्याला ताल कळू दे

व्हिएन्ना, ७ जानेवारी २०२५

चि. बाळू,

संगीत महोत्सवाच्या थेट प्रक्षेपणाचं काम तुमच्या गटाला मिळालं, हे वाचून फार आनंद झाला. तू विचारलं आहेस की इथली एक जानेवारीची मैफल इतकी वर्षं टीव्हीवर दाखवतात, तर घरी बसून ती बघणारे लोक काय म्हणतात, आणि त्यातलं आपल्याला काय घेता येईल. फोनवर हे बोलून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मैफलीविषयी थोडं. व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद म्युझिकफेराइन या संगीतगृहाच्या सोनेरी दालनात सकाळी सव्वाअकराला वाजवायला सुरुवात करतो. पुण्यात तेव्हा पावणेचार होतात. वाजवतात ते मुख्यतः श्ट्राउस घराण्याचं, वॉल्ट्झ आणि पोल्का. हाच कार्यक्रम ३० आणि ३१ डिसेंबरलाही होतो, पण लोक मैफल म्हणतात ती एक तारखेचीच. तिकिटासाठी जवळजवळ वर्षभर आधी नाव नोंदवायचं, मग सोडत निघते, आणि सगळ्यात महाग तिकीट हजार युरोंच्या वर. म्हणजे इथल्या बहुतेकांनी ही मैफल आयुष्यभर टीव्हीवरच पाहिलेली असते. १९५९पासून ती दाखवतात, आता कितीतरी देशांत दिसते. दालनात मावणारी माणसं दोनेक हजार. म्हणूनच घरचा प्रेक्षक इथे हक्काने बोलतो, आणि आठवडाभर बोलत राहतो: जिन्यात, बेकरीत, ऑफिसात.

सगळ्यांत जास्त कुरकूर असते ती बॅलेवर. काही वॉल्ट्झ चालू असताना पडद्यावरून वाद्यवृंद जातो आणि राजवाड्यांत, बागांत नाचणारी मंडळी दिसू लागतात. त्यातलं बरंचसं चित्रीकरण आधीच्या उन्हाळ्यात उरकलेलं असतं, दालनात बसलेल्यांना ते दिसतही नाही. ते खास आपल्यासाठी, टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी. कपड्यांचाही मोठा गाजावाजा. २०१४ला ते व्हिव्हियन वेस्टवूड या इंग्लंडच्या फॅशनवालीकडून करवून घेतले होते. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. आयुष्यभर त्यांनी मुलांना व्हायोलिन शिकवलं. एक तारखेला मी त्यांच्याकडेच बघायला जाते. नाच सुरू झाला की त्या सरळ डोळे मिटून घेतात आणि मला म्हणतात, “संपला की सांगा.” त्यांच्या सूनबाईंचं म्हणणं नेमकं उलटं. मुलं टीव्हीपुढे बसतात ती नाचासाठीच, आणि वॉल्ट्झ हे मुळात नाचायचंच संगीत, मग नाचणारे दाखवले तर बिघडलं काय?

सूनबाईंचा मुद्दा खोटा नाही. तरी मी आजींच्या बाजूची आहे. परवा एका वॉल्ट्झमध्ये चेलो वाजवणाऱ्यांच्या हाती मुख्य सूर आला. तो त्यांच्या हातांत कसा येतो ते बघायला आजी पुढे सरकून बसल्या, आणि पडद्यावर आली संगमरवरी जिन्यावरून धावणारी जोडपी. आजींनी हात झटकला. “आता माझा कान तिकडे आणि डोळे इकडे,” म्हणाल्या. बाळू, प्रेक्षकांच्या तक्रारी मी बऱ्याच ऐकल्या, पण जवळजवळ सगळ्या फिरून इथेच येतात. जे ऐकू येतंय त्यापासून डोळ्यांना ओढून नेलं की माणूस चिडतो. फुलांचे गुच्छ आणि छतावरच्या सोनेरी मूर्ती वारंवार दाखवल्या की चिडतो, निवेदक शेवटचा सूर विरायच्या आत बोलू लागला की चिडतो. वाजवण्याबद्दल तक्रार क्वचितच असते.

आणि कौतुक कशाचं? चेहऱ्याचं. दालनातल्या बहुतेक श्रोत्यांना वाद्यवृंदाच्या संचालकाची पाठ दिसते, आपल्याला त्याचं तोंड दिसतं. कार्लोस क्लायबरने १९८९ आणि १९९२ला ही मैफल केली, त्याबद्दल इथले जुने लोक आजही बोलतात ते असं, की हात खाली सोडून तो नुसता हसायचा आणि वाद्यवृंद पुढे निघायचा. हे दालनात पाठीमागे बसलेल्याला कळलं नसतं. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता याच शहरात शिकले आणि त्यांनी ही मैफल पाच वेळा केली, १९९०पासून २०१५पर्यंत. त्यांचा विषय निघाला की आजी मला आवर्जून सांगतात, “तुमचा माणूस डोळ्यांनी वाजवून घेतो.” टीव्ही काय देऊ शकतो ते यात आलं. घरच्या प्रेक्षकाला दालनातल्यापेक्षा कमी मिळतं असं धरूनच आपण कामाला लागतो, आणि मग ते भरून काढायला भलतंसलतं घालतो. जवळून बघायला मिळणं हेच त्याचं मोठं सुख आहे. ते त्याला पोटभर दे.

दरवर्षी तेच तेच, असंही ऐकू येतं. पण तेच नसलं तर लोक हळहळतात. शेवटी ‘ब्लू डॅन्यूब’चे पहिले थरथरते सूर आले की टाळ्या पडतात, वादन थांबतं, संचालक आणि वाद्यवृंद नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतात, मग वॉल्ट्झ पुन्हा पहिल्यापासून. आजी टीव्हीकडे बघून मोठ्यांदा उत्तर देतात, दरवर्षी. त्यानंतर राडेट्झकी मार्च, त्याला श्रोत्यांनी ठेक्यात टाळ्या वाजवायच्या. २००५ला तो वाजवलाच नाही. आदल्या वर्षीच्या २६ डिसेंबरला त्सुनामी आली होती, आपल्याकडे तमिळनाडूत आणि अंदमानात माणसं गेली होती. टाळ्यांचा मार्च तेव्हा गाळला हे योग्यच झालं असं मला वाटतं, आणि इथेही मला कुणी त्याबद्दल कुरकुरताना भेटलं नाही.

२०२१चं मात्र तुला नीट सांगायला हवं. कोविडमुळे दालन रिकामं होतं आणि संचालक होते रिकार्डो मुती, यंदाही तेच होते. घरच्या प्रेक्षकांनी आधी नाव नोंदवायचं आणि ठरल्या वेळी फोनवरून टाळ्या वाजवायच्या, अशी सोय केली होती. हजारो लोकांच्या त्या टाळ्या मध्यंतराला आणि शेवटी दालनात ऐकवल्या. पण एरवी प्रत्येक रचना संपली की शांतता. काहींना ती फार आवडली, संगीत निर्मळ ऐकू आलं म्हणाले. आजींना ती सोसली नाही. मलाही नाही. आपल्या गाण्यात तर दाद शेवटी नसतेच, ती आवर्तनाच्या आत असते. गवई तान घेऊन समेवर येतो आणि समोरून “वा!” येतं, तो त्याच्या पुढच्या तानेचा शिधा असतो. म्हणून दादेसाठी श्रोत्यांत एक-दोन मायक्रोफोन वेगळे लाव आणि मिश्रणात ते दाबू नकोस.

आणखी एक मत सांगते, ते माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं. ती ही मैफल बघत नाही. पहिली मैफल ३१ डिसेंबर १९३९ची, क्लेमेन्स क्राउसने केलेली, आणि तिचे पैसे नाझींच्या युद्धकाळातल्या मदतनिधीला गेले. वाद्यवृंदातल्या ज्यू वादकांना त्याआधीच, १९३८मध्ये, काढून टाकलं होतं; त्यांतले काही छळछावण्यांत मेले. ही माहिती आता लपलेली नाही. वाद्यवृंदानेच इतिहासकारांकडून अभ्यास करून घेतला आणि २०१३मध्ये तो लोकांपुढे ठेवला. राडेट्झकी मार्चची जी मांडणी वर्षानुवर्षं वाजत होती ती नाझी पक्षाच्या एका सदस्याची, म्हणून २०२०पासून ती बदलली. मैत्रीण म्हणते, एवढ्याने भागत नाही. मी बघते, पण तिचं म्हणणं बाजूला सारून बघू शकत नाही. या वाद्यवृंदाने पहिली स्त्री सदस्य घेतली ती १९९७ला, आणि या मैफलीत स्त्रीची रचना पहिल्यांदा वाजली ती यंदा: कॉन्स्टान्त्से गायगर हिचा वॉल्ट्झ, तिने अगदी लहान वयात केलेला. तो सुरू झाला तेव्हा आजींनी आवाज वाढवला.

आता तुझ्या कामाचं. वाद्यवृंदाच्या प्रक्षेपणात लिहिलेली स्वरलिपी हाताशी असते. कुठल्या मात्रेला कुठला कॅमेरा हे आधी ठरवता येतं, आणि दिग्दर्शकाशेजारी स्वरलिपी वाचणारा माणूस बसतो. आपल्याकडे लिहिलेलं काही नाही, म्हणून आपला कॅमेरा नेहमी मागे धावतो. तबलजीची तिहाई संपली, सम पडली, लोकांनी दाद दिली, आणि मग पडद्यावर तबला दिसतो. नाहीतर पहिल्या रांगेतले पाहुणे. गेल्या वर्षी एका वाहिनीवर विलंबित ख्याल बघताना गवयाचा हात समेकडे उतरत होता आणि बरोबर तेव्हा मला कोणाचा तरी फेटा दाखवला. फार राग आला.

पण आपल्याकडे मुखडा आहे ना! विलंबित एकतालात एका आवर्तनाला पाऊण-एक मिनिट सहज लागतं. गवई मुखडा धरतो तेव्हा सम अजून काही सेकंद लांब असते. तेवढा वेळ तुमच्या माणसाला पुरेसा आहे, फक्त त्याला मुखडा ओळखता यायला हवा. तेव्हा ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीत, कॅमेरे बदलणाऱ्या स्विचरपाशी ताल कळणारं कुणीतरी बसव. तबला शिकणारा कॉलेजचा मुलगा चालेल. त्याने फक्त म्हणायचं: मुखडा आला, तिहाई लागली, द्रुत सुरू होतेय. आलापी चालू असताना कॅमेरा बदलूच नकोस. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ला. त्या काळची स्टुडिओतली चित्रणं आठव, एकच कॅमेरा गवयावर मिनिटच्या मिनिटं थांबलेला. साधनं कमी होती म्हणून तसं झालं असेल, पण आजही शिकणारी मुलं तीच चित्रणं लावून बसतात, कारण त्यांत हात दिसतो, श्वास कुठे घेतला ते दिसतं. मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांचे चेहरेही अधूनमधून घे. गुरूची नवी जागा त्यांना पहिल्यांदा कळते.

मध्यंतराचं काय करणार आहात? इथे मध्यंतरात एक छोटी फिल्म दाखवतात, ती लोकांना आवडते. सत्कार, शाल-श्रीफळ आणि प्रायोजकांची भाषणं घरच्या प्रेक्षकाला दाखवू नका, तेवढ्यात तो उठून जातो. मिरजेला जाऊन तानपुरे करणाऱ्यांचं काम चित्रित करून आण. भोपळा कसा निवडतात, जवारी कशी काढतात, हे गाणं ऐकणाऱ्या कित्येकांनी पाहिलेलं नाही.

निवेदकाला एवढं सांग, की तानपुरे जुळत असताना बोलू नये.

आयोजक पाहुण्यांवर कॅमेरा मागतील, ते तुला टाळता येणार नाही हे मला कळतं. मग तो सुरुवातीला, गाणं सुरू होण्यापूर्वी एकदाच फिरव आणि मोकळा हो. पहिल्या रात्रीचं चित्रण न कापता पाठव. आजींनाही बघायचं आहे, आणि सम कुठे ते त्यांना मी बोटांवर मोजून दाखवणार आहे. ताईला नमस्कार सांग, तिच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी,
मावशी